चौथ्या कोपऱ्यावरचा होकार

भोर संस्थान विलीन झाल्याच्या पुढच्या साली चिमाजीने उत्रोलीत घर विकत घ्यायचे ठरवले. वारस कोण, वाट कुणाची, हद्द कुठवर, हे सारे त्याने विचारून घेतले होते. मेंढरांमागे जन्म काढलेल्या त्याच्या बायकोला, साळूबाईला, एकदा तरी स्वतःच्या घरात निजायचे होते. एकाही शेजाऱ्याची हरकत निघाली, तर व्यवहार मोडणार होता.

गावच्या रिवाजाप्रमाणे घरमालक हरिबा त्या दोघांना आणि पंचांना घेऊन घराभोवती निघाले. प्रत्येक कोपऱ्यावर चिमाजीने हाळी द्यायची, शेजाऱ्याने उत्तर द्यायचे.

"हरकत हाय का कुणाची?"

"हाय. आधी गूळ वाटा," भिंतीपलीकडून भागूबाई म्हणाल्या. सगळे हसले. पुढचे दोन्ही शेजारी खुशीत "न्हाई" म्हणाले.

चौथ्या कोपऱ्यापलीकडे नुसते भाताचे खाचर होते.

"हितं कोण बोलणार? तरी रीत म्हणून हाळी द्या, पावनं," हरिबा म्हणाले.

चिमाजीने हसत हाळी दिली.

"न्हाई," घरातून एक मायाळू बायकी आवाज आला.

"साळू, तू कवा आत गेलीस?"

साळूबाई त्याच्या मागेच उभी होती. दाराला बाहेरून कुलूप होते.

"हरकत कसली?" आतून पुन्हा आवाज आला. "या की. आपन समदी मिळून ऱ्हाऊ."