भरवशाचा माणूस

बायकोने केकच्या धंद्यासाठी मोठा ओव्हन घ्यायला पैसे मागितले, तेव्हा विमा कंपनीतल्या नवऱ्याने तिला जोखीम या विषयावर व्याख्यान दिलं. "घरच्या माणसाला दिले की बुडालेच समज," म्हणाला, आणि तेच पैसे त्याने ब्लॉकचेनवरच्या एका ॲपमधून कुणा अनोळखी माणसाला व्याजाने दिले. मध्ये बँक नाही, जामीनदार नाही. घेणाऱ्याचं नाव कळत नाही, नुसता एक लांबलचक नंबर दिसतो. त्याच्या मते याहून सुरक्षित काही नव्हतं.

बायकोने कुठूनतरी पैसे उभे करून ओव्हन आणला. कुठून, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

इकडे हप्ते वेळेवर येऊ लागले, तसा नवरा हवेत चालायला लागला. एकदा त्याने कर्जदाराचा तो नंबर तिला कौतुकाने दाखवला. ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"माणूस सोन्यासारखा आहे! नाहीतर तुझ्या माहेरची मंडळी."

केकवर क्रीम लावणारा तिचा हात थांबला.

"अहो, याने उद्या हप्ते थांबवले तर?"

"थांबवेल कशाला?"

"समजा हो."

नवऱ्याने बराच वेळ ॲप खालीवर केलं. "तर... काहीच करता येणार नाही. ना नाव, ना पत्ता. शोधायचं कुणाला?"

"हो ना," ती म्हणाली. मग हात पुसून तिने आपला फोन घेतला, आणि या महिन्याचा हप्ता भरण्यासाठी सकाळी उघडून ठेवलेलं तेच ॲप शांतपणे बंद केलं.