वल्सला टीचर आधीच आत आहेत

पासवर्ड बरोबर होता. तरी संगणकाचा पडदा काळा झाला आणि पुन्हा पासवर्डच मागू लागला.

पालक्काडच्या त्या शाळेत वल्सला टीचरांनीच मुलांना संगणक शिकवला होता. आता मुलं नव्या शेरिन टीचरभोवती घोटाळायची. वल्सलांना ते सलायचं.

"सरका टीचर, डिस्क भरली असेल, म्हणून आत घेत नसेल," शेरिन म्हणाली.

"माझं मशीन मला ओळखतं, बाई!"

शेरिनने स्वतःच्या पासवर्डने काळा पडदा उघडला, संगणकात कोण कोण आत आहे हे विचारणारी आज्ञा टाइप केली आणि ती थबकली. "टीचर, तुम्ही सकाळपासून आतच आहात."

तेवढ्यात पडद्यामागून वल्सलांचाच आवाज आला. तो इतका लाघवी होता, की त्यांना त्याचा हेवा वाटला.

मुलं शेरिनला सोडून पडद्याकडे धावली.

"टीचर, आम्हालाही आत घ्या ना!"

"नको रे!" वल्सला ओरडल्या. कुणी वळूनही पाहिलं नाही.

"या," आतून उत्तर आलं.