पेटी आणि मतपेटी

"पेटी घरात राहणार की जाणार, हे लोकशाही पद्धतीनेच ठरेल!" श्रीखंडाचा रिकामा डबा टेबलावर आपटून अप्पांनी जाहीर केलं. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं त्यांनी. निवृत्त झाले आणि कुठूनशी जुनी बाजाची पेटी घेऊन आले. आठ दिवस पहाटे पाचपासून तिच्यात 'सा' शोधत होते. आमच्या झोपेचं पार खोबरं झालं होतं.

पेटी हवी असेल तर हरभरा, नको असेल तर वाटाणा. अप्पा, आई, दादा आणि मी, चौघांनी मुठीत लपवून आपापला दाणा डब्यात टाकला. अप्पांनी झाकणाला चिकटपट्टी लावून वर सही ठोकली. "मोजणी उद्या. नियम म्हणजे नियम."

रविवारी ताटं मांडून मोजणीला बसलो, तर चिकटपट्टी फाडलेली आणि डबा रिकामा.

"मतं कुठायत?" अप्पा कडाडले.

"कुकरमध्ये," आई म्हणाली. "उसळीसाठी वाटाणे भिजत घातले, त्यातच टाकली. चार दाणे वाया कशाला घालवायचे?"

"लोकशाहीचा खून आहे हा! फेरमतदान घ्या!"

"घ्या की. पण डब्यात चारही वाटाणेच होते."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आई अप्पांकडे बघत राहिली. "आम्ही तर तिघंच. तुमचा हरभरा कुठे गेला?"

अप्पांनी ताट पुढे ओढलं आणि खाली मान घालून पुटपुटले, "आठ दिवस मीही ऐकतोच आहे ना."