इंजिनाखालचा आवाज

"गाणी कसली ऐकता, ताई?" दुकानदाराने तीन छोटी यंत्रं काढून काचेवर मांडली. "त्यावर ठरतं सगळं."

"गाणी नाहीत," ती म्हणाली. "फोनवरचं रेकॉर्डिंग आहे. त्यात एका माणसाचा आवाज फार बारीक आहे. असला तर."

दुकानदाराने तिच्या गळ्यात अडकवलेले हेडफोन हातात घेऊन पाहिले. जाड, जुने, वायरवाले. "माल भारी आहे. पण याला ताकद लागते, आणि तुमच्या फोनला वायर खुपसायला जागाच नाही. म्हणजे ब्लूटूथवाला अ‍ॅम्प्लिफायर. घरी बसून ऐकणार की चालता-फिरता?"

"चालता-फिरता. घरी आई असते."

तिचा थोरला भाऊ, दादा, दाराशी उभा होता. अपघातापासून त्याने ट्रकचं सोडाच, स्कूटरचंही हँडल धरलं नव्हतं. आजही दोघं बसने आली होती. तिला एकटीला सोडायला तो तयार नव्हता.

"ठमे, कशाला जिवाला लावून घेतेस?" तो म्हणाला. "पोलिसांनी ऐकलं, मी ऐकलं. नुसती घरघर. मोठी केलीस तर मोठी घरघर होईल, दुसरं काय?"

वडील, म्हणजे अण्णा, आणि दादा एकाच ट्रकवर होते. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सीटमागच्या फळीवर आडवं व्हायचं, मग अदलाबदल. त्या दुपारी दादाचं पोट बिघडलं आणि तो वाटेत एका पंपावर उतरून राहिला. अण्णा एकटेच पुढे गेले. ट्रक रस्ता सोडून बसथांब्यात घुसला. थांब्यावरची चार माणसं गेली. अण्णा काच फोडून बाहेर फेकले गेले. दवाखान्यात न्यायचीही वेळ आली नाही. चालकाला डुलकी लागली, असं पोलिसांनी ठरवलं. त्या चौघांपैकी एकाची आई घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "तुमच्या माणसाला झोप आवरली नाही, आणि माझा मुलगा गेला." तेव्हापासून आई कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा गेली नव्हती.

अण्णांची एक सवय होती. ट्रक निघाला की ते लेकीला फोन लावत आणि फोन तसाच चालू ठेवून मागच्या खुंटीवरच्या पिशवीत टाकत. ती औषधांच्या गोदामात ऑर्डरी घ्यायची. तिचा फोन टेबलावर चालू, त्यांचा पिशवीत चालू, आणि दोघं आपापल्या कामाला. "बोलायचं नाही तर फोन कशाला?" आई चिडायची. "आपण दोघं तरी कुठे बोलतो?" अण्णा म्हणायचे. "तरी संसार झालाच की."

गोदामाच्या नियमाप्रमाणे तिच्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होई. त्या दुपारचाही झाला होता.

जागे असले की अण्णा गप्प बसत नसत. गुणगुणत, खाकरत, पुढच्या गाडीवाल्याचा उद्धार करत. ती एवढंच शोधत होती. शेवटच्या क्षणापूर्वीचा एक खाकरा मिळाला, तरी ती तो त्या बाईला नेऊन ऐकवणार होती. आईला ऐकवणार होती.

पहिलं यंत्र लावलं. इंजिन छातीत धडधडू लागलं.

"हेच घे," दादा म्हणाला. "गाण्यांना झकास आहे."

दुसऱ्याला जोर दांडगा होता, पण त्याची स्वतःचीच सूं सूं इतकी की इंजिनही त्यात बुडालं.

"मग हे बघा." दुकानदाराने तिसरं पुढे सरकवलं. काडेपेटीएवढं, दिसायला अगदीच बापुडवाणं. "याला दिखावा नाही. पण हे मध्येमध्ये स्वतःचं बोलत नाही. शिवाय मी खालचा घुमारा उतरवून देतो. रेकॉर्डिंगमध्ये जे नाही ते आणणार नाही, ताई. आहे ते मात्र झाकणार नाही."

तिने डोळे मिटले. इंजिन भिंतीपलीकडे गेल्यासारखं मागे हटलं. पिशवीची सळसळ आली. मग एक श्वास. लांब, ओढलेला, शेवटी गाठ बसल्यासारखा अडकणारा. मग दुसरा.

लहानपणापासून पातळ भिंतीआडून ऐकलेला तो आवाज तिने लगेच ओळखला. तिने एक कान मोकळा केला.

"काय गं?" दादा जवळ आला.

"घोरतायत."

दादाने तिथलं स्टूल ओढलं आणि मटकन त्यावर बसला. तो म्हणाला, "थकले होते गं. वय झालं होतं. मी म्हणत नव्हतो, ऐकू नकोस? आता आईला काही सांगू नकोस म्हणजे झालं."

दुकानदार पाठ करून उगीचच काच पुसू लागला. ती बाई खरं बोलली होती. पोलीसही. एवढे दिवस ती एकटीच, सगळ्यांना खोटं ठरवत हिंडत होती.

"बंद कर," दादा म्हणाला. "चल, घरी जाऊ."

"थांब. एवढेच उरलेत ते. शेवटपर्यंत ऐकू दे."

तिने हेडफोन पुन्हा दोन्ही कानांवर ओढले. दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

श्वास आत, श्वास बाहेर, शेवटी ती गाठ. अण्णा गाढ झोपले होते. चढ लागला असावा. इंजिन धापा टाकू लागलं. घोरणं त्याच लयीत चालू राहिलं. आणि तेवढ्यात कोणीतरी क्लच दाबला, आणि सफाईने गिअर बदलला.