बत्तीस हजारांपुढची बाटली

"सर, या नव्या सॉफ्टवेअरमध्ये भागाकाराची बाकी काढायची सोयच नाही हो!" नवखा प्रोग्रामर निशांत रडकुंडीला आला होता. कुठली बाटली चारपैकी कुठल्या खोक्यात टाकायची, हे कारखान्याच्या नव्या यंत्राला, मोजणीच्या आकड्याला चारानं भागून उरणाऱ्या त्या बाकीवरूनच कळणार होतं.

"तिसरीत काय शिकलास? भाग दे, पूर्णांक तेवढा ठेव, चारानं गुण आणि मूळ आकड्यातून वजा कर!" त्याचे वरिष्ठ बाळकृष्ण खेकसले.

पोरानं संध्याकाळपर्यंत तसं करून दाखवलं. मालक बावासाहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, "ओये शाबाश पुत्तर!" चंदीगडच्या या कारखान्यात वीस वर्षं घासूनही बाळकृष्णांच्या वाट्याला कधी साधं 'ठीक है' आलं नव्हतं. त्यांचा नुसता जळफळाट झाला.

मोजणी बत्तीस हजारांपुढे गेली की या सॉफ्टवेअरमध्ये आकडा उलटून उणे होतो, हे मॅन्युअल कोळून प्यायलेल्या बाळकृष्णांना ठाऊक होतं. निशांतला नव्हतं. ते मुद्दाम गप्प बसले.

दिल्लीचे पाहुणे यंत्र बघायला आले त्याच दुपारी मोजणी तिथवर पोचली. आकड्याबरोबर बाकीही उणे निघू लागली, यंत्राला खोकाच सापडेना, बाटल्या धडाधड फरशीवर फुटू लागल्या.

"किसका दिमाग है ये?" बावासाहेब गरजले.

"प्रोग्राम खोलके देख लीजिए जी," बाळकृष्ण अगदी गोड आवाजात म्हणाले.



पडद्यावर पहिल्याच ओळीत निशांतनं लिहून ठेवलं होतं, 'बाकी काढायची ही रीत आमच्या बाळकृष्ण सरांनी शिकवली.'