पासष्ट इंची माया

टीव्ही घ्यायला धाकटीने थोरल्या जाऊबाईंना सोबत नेलं. दुकानात एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी ओळीने झगमगत होते. धाकटीला काही कळेना. ती आपली कोपऱ्यातल्या बत्तीस इंचीपाशी घुटमळत राहिली.

"अगं, यात माणसं मुंग्यांएवढी दिसतील!" जाऊबाईंनी तिला हाताला धरून थेट पासष्ट इंची ओएलईडीसमोर उभं केलं. "हा घे. काळा रंग बघ, कसा काळाकुट्ट दिसतो! आणि आवाज तर असा की भिंती हलतील."

"पण ताई, तुमच्याकडे अजून जुनाच आहे ना?"

"आमचं चालतंय गं. घराण्यात एकाकडे तरी चांगला नको का?"

धाकटीला भरून आलं. 'जावा जावा, उभा दावा' ही म्हण कुणा खोटारड्याने रचली असावी, असं तिला वाटलं. टीव्ही त्याच संध्याकाळी भिंतीवर चढला.


दुसऱ्या दिवशी बेल वाजली. इतकी वर्षं थोरलीकडे राहून बातम्यांशी तावातावाने भांडणारे सासरे बॅग आणि आरामखुर्ची घेऊन दारात उभे होते. "थोरली सांगत होती, तू खास माझ्यासाठी टीव्ही घेतलास म्हणे!"