राखीव गोली
बहारीनच्या हौशी आइस हॉकी लीगमध्ये गॅविन गोली, म्हणजे गोलरक्षक होता, तोवर मर्विन बाकावर बसून नुसता जळायचा. दोघेही वसईचे, एकाच आळीतले. शेवटी गॅविनचा गुडघा गेला आणि मर्विनला जागा मिळाली. पण लेकाचा गॅविन माइक धरून बसला! आता गोल अडवायचे मर्विनने आणि टाळ्या मिळायच्या गॅविनच्या इंग्लिश कॉमेंट्रीला. घरी फोनवर मॅच ऐकणारी मर्विनची बायकोसुद्धा म्हणायची, “काय झ्याक बोलतो रे गॅविन!”

फायनलचा शेवटचा फटका मर्विनने अंग झोकून अडवला. स्पीकरवर गॅविन इंग्लिश विसरून ओरडला, “अडवला रे! मी अडवला!”

रिंकमधले अरब, कॅनेडियन, फिलिपिनो सगळे टाळ्या पिटत होते. त्या ओरडण्यातला ‘मी’ मात्र तिथे एकट्या मर्विनलाच कळला.